मांडणी: पासोडीपासून निबंधवहीपर्यंत

विद्यार्थ्याच्या निबंधाविषयी बोलताना आपण शिक्षक मंडळी दोन वाक्ये हमखास उच्चारतो: अक्षर सुवाच्य हवे आणि मांडणी व्यवस्थित हवी. यांतील 'मांडणी' हा शब्द मोठा बोलका आहे. स्वयंपाकघरात भांडी रचून ठेवण्याच्या फळीला मांडणी म्हणतात, पानावरच्या मजकुराच्या रचनेलाही मांडणी म्हणतात आणि वादात एखाद्याने आपली बाजू ज्या क्रमाने पुढे ठेवली त्या क्रमालाही मांडणीच म्हणतात. कागदाची शिस्त आणि विचाराची शिस्त यांना मराठीने एकच नाव दिले, हा योगायोग नसावा. तरीही अभ्यासक्रमात या शिस्तीला स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. ती विद्यार्थ्याला येत असणारच असे गृहीत धरले जाते आणि आली नाही की गुण कापले जातात. ही अपेक्षा आपल्याकडे कोठून आली आणि ती मुळात कोणाकडून केली जात होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शोधासाठी बीड जिल्ह्यातील केजचा परिसर फार सोयीचा आहे. केजचा शेजारी तालुका अंबाजोगाईचा. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी परंपरेने तेथेच दाखविली जाते. त्याच गावी दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) आयुष्याचा उत्तरार्ध काढला. गीतेवरील सव्वा लाख ओव्यांच्या 'गीतार्णवा'चे हे कर्ते. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत विलक्षण कृती म्हणजे 'पासोडी'. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फुटांच्या आसपास रुंद अशा कापडावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय लिहिला. अंबाजोगाईत ती जतन केलेली आहे.

पंचीकरण हा वेदान्तातील वर्गीकरणाचा विषय आहे. पाच महाभूते, त्यांचे परस्परांत मिसळणे, त्यांतून देह आणि इंद्रिये यांची उत्पत्ती, असा तो एकातून दुसरे फुटत जाणारा विस्तार. पोथीच्या सुट्या पानांवर तो लिहिला तर पहिले तत्त्व एका पानावर राहते आणि त्याची शाखा दहाव्या पानावर जाते. सलग कापडावर मात्र सारा विस्तार एका दृष्टिक्षेपात आणता येतो. दासोपंतांचा हेतू काय होता हे त्यांनाच ठाऊक. पण विषयाच्या आकाराला साजेसे पृष्ठ निवडता येते, हे ती पासोडी पाहणाऱ्याला शिकविते. आजच्या विद्यार्थ्याने तुलनेच्या प्रश्नाला तक्ता काढणे किंवा कालक्रमाच्या प्रश्नाला वर्षे डाव्या बाजूस एकाखाली एक लिहिणे, ही त्याच विवेकाची लहान रूपे आहेत.

पासोडी हा अपवाद झाला. नियम होता तो पोथीचा. जुन्या पोथीत शब्द सुटे लिहिण्याची चाल नव्हती. अक्षरे एकाला एक लागून जात आणि दंड, दुहेरी दंड व ओवीचा आकडा एवढ्याच खुणांवर वाचकाने वाट काढायची. हिंगुळाची तांबडी शाई विशेष जागा दाखविण्यासाठी वापरली जाई. चूक झाली तर अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ते झाकीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण आज कोणाच्या तरी प्रयत्नांवर पाणी पडले म्हणजे वापरतो. त्याचे मूळ लेखनिकाच्या या खाडाखोडीत आहे. खाडाखोड दिसू नये, पण दुरुस्ती मात्र व्हावी, ही काळजी तेव्हाही होती.

ही काळजी मराठीत सर्वांत नेटकेपणाने सांगितली ती समर्थ रामदासांनी. त्यांचे जन्मगाव जांब हेही मराठवाड्यातलेच. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा निखळ व्यावहारिक आहे. त्यातील सूचना एखाद्या दक्ष शिक्षकाने फळ्यावर लिहाव्यात अशा आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ओळी मोत्यांच्या सरींप्रमाणे दिसाव्यात. काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट असावी. पहिले अक्षर ज्या वळणाचे, त्याच वळणाचे ग्रंथातले शेवटचे अक्षर असावे. पान शिशाने आखून घ्यावे, म्हणजे ओळींतील अंतर कमीजास्त होणार नाही. वरच्या ओळीचे अक्षर खालच्या ओळीला शिवू नये. याबरोबर देशोदेशींचे बोरू, सुरी, कातर, हिंगूळ, मशी यांचा संग्रह कसा करावा, हेही ते सांगतात.

या समासाचे मोल केवळ सूचनांत नाही. बऱ्याच सूचनांमागे कारण आहे, यात ते आहे. भोवती कोरी जागा का सोडावी? कागदाच्या कडा झिजून झडतात. त्या झडल्या तरी अक्षर झडू नये म्हणून. तरुणपणी फार बारीक का लिहू नये? म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही म्हणून. म्हणजे समास सोडणे, अक्षराचा आकार राखणे या गोष्टी रामदासांच्या लेखी शोभेच्या नव्हत्या. लिहिणारा निघून गेल्यावरही लिहिलेले टिकावे आणि वाचले जावे, यासाठीची ती तजवीज होती. रामदासांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकिरामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. सांगणाऱ्याने स्वतः केलेल्या कामाचा दाखलाही असा उपलब्ध आहे.

लेखनातली हयगय काय करू शकते, याचे उदाहरण रामदासांच्या आधीच घडून गेले होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे निक्षून बजावले. दुसऱ्याचे शब्द कोठे संपतात आणि आपले कोठे सुरू होतात, ही सीमारेषा पाळण्याचा मराठीतला हा फार मोठा आग्रह होय. आज आपण विद्यार्थ्याला अवतरणचिन्हे घालावयास सांगतो, तेव्हा एकनाथांचेच काम लहान प्रमाणात सांगत असतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू बीडमध्ये पाहावयास मिळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी बीडच्या पाटांगणावर मिळाली. ती एकनाथपूर्व आहे अशी त्यांची धारणा होती आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना पडताळून पाहण्यास उपलब्ध राहिली नाही. परिणामी राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी आदर असूनही त्या पाठाविषयीचे अनेक प्रश्न वादातच राहिले. निबंधाखाली आधारग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठांक लिहिण्याचा आग्रह अनेकांना कोरडी औपचारिकता वाटतो. पाटांगणच्या पोथीची हकिकत त्यांना सांगावी. मूळ दाखविता आले नाही तर राजवाड्यांसारख्याचाही शब्द अडून राहतो. मग द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याचे काय?

पोथी बाळबोधीत लिहिली जाई. दरबाराचे आणि व्यवहाराचे लेखन मोडीत चाले. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घेत आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे तिला लटकवीत. वेग साधे, ओळही सरळ राही. राजपत्राची मांडणी तर कायद्याइतकी काटेकोर असे. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. मोर्तबाच्या खाली कोणी आणखी एखादी ओळ घुसडली तर ती बनावट, हे उघड होई. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण मान्यतेच्या अर्थी वापरतो. मुळात तो पानाच्या सुरुवातीची आणि शेवटाची राखण करणारा शब्द आहे.

येथवरचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. मात्र त्याची एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. रामदासांचा तो समास सुरू होतो तोच ब्राह्मणाला उद्देशून. सुंदर बाळबोध अक्षर घटवावे कोणी, तर ब्राह्मणाने. मोडीचे वळण चिटणीस, कुलकर्णी, देशपांडे यांच्या घरांत बापाकडून मुलाकडे जाई. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर कित्ता गिरवणाऱ्या मुलांत गावकुसाबाहेरचे मूल नसे आणि मुली जवळजवळ नसतच. सुबक लेखनाची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे हे खरे. ती फार थोड्या घरांची होती, हेही तितकेच खरे. ज्या घरात बोरू, दौत आणि कागद पिढ्यान्पिढ्या होते, तेथे समास कसा सोडायचा हे मुलाला कोणी शिकवावे लागत नसे. ते त्याला पाहून येई. ज्या घरात यांतले काहीच नव्हते, तेथल्या मुलाला ते कोणी सांगितल्याखेरीज येणार कसे?

या प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर १८५५ सालचा एक निबंध पाहावा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुक्ताबाई साळवे या मुलीने मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'ने तो त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला. विद्यार्थिनीने लिहिलेल्या मराठी निबंधांत याच्याइतका महत्त्वाचा दुसरा निबंध दाखविणे कठीण आहे.

तिच्या हस्ताक्षराविषयी आज काही बोलण्याचे कारण नाही. आपल्यापुढे आहे तो छापील मजकूर. पण मांडणीच्या दुसऱ्या, आतल्या अर्थाने तो निबंध पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रथम ती देवालाच प्रश्न घालते: वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता? मग पेशवाईतील छळाचे प्रसंग येतात. नंतर आपल्या बायकांना बाळंतपणातही छप्पर मिळत नाही, ही घरातली व्यथा येते. शेवटी ती आपल्या लोकांकडे वळते आणि विद्या हाच उपाय असल्याचे सांगते. तत्त्वाचा प्रश्न, इतिहासाचा पुरावा, वर्तमानातील अनुभव, उपाय: हा क्रम आजही एखाद्या प्रबंधाला शोभेल. अवघी तीनएक वर्षे शाळेत गेलेल्या मुलीला तो साधला. कारण तिला सांगायचे होते ते निकडीचे होते आणि कसे सांगावे हे शिकविणारे शिक्षक तिला लाभले होते. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे.

मुक्ताबाईचा निबंध छापला गेला तो काळ मराठी पृष्ठाचा चेहरा बदलण्याचा होता. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. मेजर टॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रुजविली. केवळ दंडावर चालणाऱ्या भाषेला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह मिळाले. मुद्रणात बाळबोध लिपी स्थिरावली, शब्द सुटे झाले, परिच्छेद पडू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले, तोवर दीर्घ गुंतागुंतीचे वाक्य तोलून धरण्याचे सामर्थ्य मराठी गद्याला आलेले होते. विरामचिन्हांशिवाय तसले वाक्य वाचकाच्या हातून निसटलेच असते. परिच्छेदाचेही तसेच. एक मुद्दा संपला, दुसरा सुरू होत आहे, हे सांगणारी ती कोरी जागा आहे.

केजपर्यंत हे सारे सरळ वाटेने पोहोचले नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. त्यामुळे पुढे शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाच्या एका वहीत ओळ डावीकडून सुरू होई आणि दुसरीत उजवीकडून. समास सोडण्याची बाजूसुद्धा भाषेबरोबर बदले. मराठी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या संस्थांना या परिस्थितीतून वाट काढावी लागली. अंबाजोगाईचे, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचे, योगेश्वरी विद्यालय त्यांपैकी एक. स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३५ नंतर काही वर्षे तेथे काम केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालयात मराठीतून निबंध लिहिणारी या भागातली पिढी त्यानंतर घडत गेली. या परिसराची महाविद्यालयीन मराठी निबंधाची परंपरा अशी पुण्यामुंबईच्या मानाने बरीच तरुण आहे.

जुन्या लेखनाचे ओझे किंवा उपकार कधी समोर येतील, हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी धुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी निकड भासली. अनामिक कारकुनांनी खरडलेली एकेक ओळ एकेका कुटुंबाच्या दाव्याचा आधार ठरू लागली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंत येथे शिरण्याचे कारण नाही. पण लिहिलेले अक्षर कोणी, केव्हा आणि कशासाठी वाचील हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, ही रामदासांची जाणीव किती खरी होती, हे त्यातून दिसते.

स्वातंत्र्यानंतर नियम बदलले, साधने बदलली. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा शुद्धलेखन नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली; अनुच्चारित अनुस्वार त्यांनी निरोपाला लावले. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. बोरूनंतर टाक, टाकानंतर बॉलपेन आणि मग संगणक आला. आरंभीच्या फाँटांत टंकलेला निबंध दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमुळे ती आपत्ती बरीच टळली. पण रामदासांनी उपस्थित केलेला प्रश्न तोच राहिला: हे लिखाण दुसऱ्याच्या हाती गेल्यावर शाबूत राहील काय?

मग निबंधाची मांडणी शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे? माझ्या मते प्रत्येक नियम त्याच्या कारणासह सांगावा. समास सोडावा, कारण कडा झिजतात, वही शिवली जाते आणि तपासणाऱ्याला शेरा लिहावयाचा असतो. पृष्ठांक घालावेत, कारण पाने सुटतात. शीर्षक विषयाचे नाव सांगणारे असावे. एका परिच्छेदात एक मुद्दा असावा. ओवी किंवा अभंग उद्धृत करताना तो स्वतंत्र ओळींत, अध्याय व ओवीक्रमांकासह द्यावा आणि जुन्या ग्रंथातले अनुस्वार आजच्या नियमांनी 'सुधारू' नयेत, कारण तो आपला मजकूर नव्हे. ग्रंथनामे अवतरणात द्यावीत, म्हणजे 'दासबोध' हे पुस्तक आणि रामदास हा माणूस यांची गल्लत होणार नाही. चूक झाल्यास एक सरळ रेघ मारून पुढे जावे. गिरवागिरव करू नये. शेवटी आधारग्रंथ द्यावेत आणि निबंध जेथे संपतो तेथेच संपवावा, मोर्तब केल्यासारखा.

एवढे शिकविण्यास दोन तासिका पुरतात. त्या दिल्या जात नाहीत, ही खरी अडचण आहे. शिकविल्यावाचून गुण कापले की ते कापले जातात वारशाच्या अभावाबद्दल. ज्याच्या घरात वर्तमानपत्र, पुस्तकांची मांडणी आणि शिकलेले आईबाप आहेत, त्याला न शिकविताही ते येते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागे गाव सोडावे लागलेल्या मुलाला ते येत नाही. केज आणि धारूरच्या पट्ट्यात अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्याच्या वेड्यावाकड्या ओळींत एखादा मुक्ताबाईसारखा प्रश्न दडलेला असेल आणि तपासणाऱ्याची नजर पहिल्याच पानावरच्या खाडाखोडीला अडखळून परत फिरेल, हा धोका काल्पनिक नाही.

याउलट धोकाही तितकाच मोठा आहे. सुबकपणालाच निबंध समजण्याची सवय लागली की रंगीत मुखपृष्ठ, आखीव चौकट आणि छायाप्रतीवरून जसेच्या तसे उतरविलेले गृहपाठ यांना भरघोस गुण मिळतात. नकलाकाराचे काम उत्तम होते, लेखकाचे होतच नाही. पोथीच्या काळी उत्तम नक्कल हे मोठे सत्कार्य होते, कारण तिच्यावाचून ग्रंथ टिकत नसे. आज ग्रंथ टिकविण्याचा भार विद्यार्थ्याच्या वहीवर नाही. तिच्याकडून अपेक्षा आहे ती त्याने स्वतः काय विचार केला हे कळण्याची. म्हणून बाहेरची मांडणी तपासताना आतली मांडणी आधी तपासावी आणि बाहेरची बिघडलेली दिसली तर गुण कापण्याऐवजी एकदा वही परत देऊन ती नीट लिहून आणण्यास सांगावे.

दासोपंतांपाशी चाळीस फूट कापड होते, रामदासांपाशी देशोदेशींचे बोरू, मुक्ताबाईपाशी एक शाळा. केजच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापाशी आखीव कागदांची वही आहे आणि बहुतेकांपाशी युनिकोड लिहिणारा भ्रमणध्वनीही आहे. साधनांची वाण आता पूर्वीइतकी नाही. समास का सोडायचा, हे त्याला कोणी तरी कारणासह सांगितले पाहिजे, एवढेच उरले आहे.